पोटभाडेकरू

बाबलने ती गोणीत घालून आणली
खिंडीपाड्याच्या पाइपलाइनीवरून.
लोक दगड घेऊन उभे होते तेव्हा.
नऊ फूट, म्हणाला.
मोजली तर साडेसहा भरली,
आईच्या शिवणाच्या टेपने.
तो टेप आईने मग दारातून खाली भिरकावला.

"जनावर घरात हाडलंस? तुका येड लागला काय मेल्या?"
नाव घेत नाहीत आमच्याकडे.
तिन्हीसांजेला तर नाहीच.

मागच्या पडवीत पत्र्याचा कूलर होता,
मोटर विकून झालेली, जाळी शाबूत.
त्यात वाळू, अर्धं मडकं, पाण्याची परात.
भाडेपावतीच्या मागे छापलेलं असायचं:
पोटभाडेकरू ठेवू नये.
बाबलने कूलरवर खडूने तोच शब्द लिहिला.
पोटावरच चालते ना, म्हणाला,
आणि आपल्याच विनोदावर खूप वेळ हसला.

शेजारचे खोबरेकर रोज एक नवीन काढायचे.
धामण म्हशीचे पाय बांधून दूध पिते.
तिच्या शेपटीत काटा असतो.
ती नागाची बायको, तो येणार शोधत,
भांडुपचा सगळा चढ चढून.
काका, हा नर आहे, बाबल म्हणाला.
दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.
आम्हीही पुढे 'ती'च म्हणत राहिलो.
धामण म्हटलं की
त्याला दुसरी जागाच उरत नव्हती.

मी नववीत.
रेशन दुकानातला पिंजरा आणायचं काम माझं.
ती विळखा घालत नाही.
उंदराला पत्र्याशी दाबते अंगाने
आणि जिवंतच गिळते, घाईघाईने,
कुणी हिसकावून घेणार असल्यासारखी.
मग घशातून एक लांब घुरघुर,
जशी खालच्या गल्लीत पिठाची गिरणी
बंद होता होता करते.

मी ठरवलं, ती मला ओळखते.
बाबल गेला तर जीभ एवढी हलत नाही,
मी गेले की हलते. सारखी. भराभर.
भूगोलाच्या वहीत मागून नोंदी केल्या:
तारीख, वार, जीभ.

चौथ्या महिन्यात डोळे दुधाळले.
आठवडाभर तिने काही खाल्लं नाही.
मग कात निघाली, तुकड्यातुकड्यांनी,
जुन्या भिंतीचा रंग निघावा तशी.
रानात मोज्यासारखी निघते अख्खी,
बाबल म्हणाला, आणि गप्प झाला.
सगळं अंग नवं, तेलकट, तपकिरी.
नाकावर मात्र कातडीच नव्हती.
तिथे जाळी होती.
जाळीचे चौकोन, गुलाबी, ओले.

म्हणजे रोज रात्री, आम्ही झोपल्यावर.

तेव्हा मला आठवलं,
मी तिच्याकडे जाताना
मागचं दार उघडून जायचे, उजेडासाठी.
माझ्या पाठीमागून डोंगराचा वारा यायचा.
वहीतल्या सगळ्या नोंदी
वाऱ्याच्या.

वनखात्याला फोन कुणी केला
ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.
माझ्या कंपासमधलं एक रुपयाचं नाणं गेलं होतं,
एवढंच मी सांगते.
वनरक्षक घरत आले, पाणी मागितलं,
ही पाळायची वस्तू नाही, गुन्हा आहे, म्हणाले,
बाबलकडून कागदावर सही घेतली.
मग तिचं नाक बघितलं.
कागद खिशात घडी करून ठेवला.
चल, म्हणाले, तूच सोड.

पाइपलाइनीपलीकडे, करवंदीच्या जाळीपाशी
बाबलने गोणी आडवी केली.
मी वाट बघत होते, कशाची कोण जाणे.
वळून बघायला वेगळी मान लागते.
ती सगळीच मान.
गवत थोडं हललं, मग दुसरीकडे हललं,
मग ते नुसतं गवत होतं.

बाबल घरी आला आणि जेवला नाही.
आईने त्याचं ताट झाकून ठेवलं.
गेलो बिचारो, म्हणाली.
गेलो. बिचारो.
चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी
त्याला तो म्हटलं.

कूलरमध्ये आता कांदे असतात.
खडूची अक्षरं अर्धी गेलीत, पोट तेवढं राहिलंय.
आई कडी लावत नाही.