दुकानाचा नंबर

नांदेड रोडवर जेसीबीनं तिसऱ्यांदा तार तोडली
तेव्हा शरणप्पा बिडवे म्हणाले, बस झालं.
तीन दिवस दुकान मुकं.
भालकीच्या डाळमिलचा पट्टा तुटलेला,
त्यांनी फोन लावून लावून
शेवटी लातुरातनं मागवला.

मग एक पोरगा आला,
पांढरी डबी भिंतीला ठोकली, गणपतीच्या जरा खाली.
म्हणाला, नंबर तोच राहील काका, नुसती तार गेली.
आता घंटी तीन जागी वाजेल:
गल्ल्यावर, गोदामात,
आणि देवणीला मिलीच्या पोटात शिरलेल्या
व्यंकट फिटरच्या खिशात.
(जुनी तार व्यंकटनंच नेली, कपडे वाळत घालायला.)

भाषा कोणती ठेवू? त्यानं विचारलं.
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
उदगिरात गिऱ्हाईक पायरी चढतं मराठीत,
भाव करतं कन्नडात,
उधारीचं निघालं की त्याला तेलुगू आठवते
आणि जाताना उर्दूत हसतं.
त्याला एक दाबा, दोन दाबा कसं सांगायचं?
निलोफरनं एका दमात सगळंच बोलून टाकलं:
"बोला, हेळ्री, चेप्पंडी, फरमाइये,
पट्टा, जाळी, बेअरिंग, काय लागतंय?"
पोरगा म्हणाला, मेनू असा नसतो.
शरणप्पा म्हणाले, आमचा असतो.

हिशोब मी ठेवतो, म्हणून सांगतो,
बिल निम्म्यावर आलं.
न उचललेला फोनसुद्धा नोंदला जातो, वेळेसकट.
पोरीला ताप असला की निलोफर घरूनच उचलते,
मागं कुकरची शिट्टी होते,
बिदरचा माणूस विचारतो, मशीन चालूय का?

एक गोष्ट मात्र पावतीवर नव्हती.
बोललेलं सगळं त्यात साठतं.
एका दुपारी शरणप्पांनी लावलं,
औरादच्या म्हाताऱ्या मिलवाल्याशी
त्यांचंच बोलणं:
"आधी पैसे आण. ठेव फोन."
दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून.
"हा मी?"
मी पावतीबुकाची पानं मोजत राहिलो.
पंधरा वर्षं हा आवाज तारेतनं औरादला जायचा
आणि तिकडंच राहायचा.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
त्यांनी स्वतः नंबर फिरवला.
काय बोलले, मी ऐकलं नाही.
साठलं असेल.