माझी खाट घेणाऱ्या मुलीस

खिडकीकडची खाट माझी होती, आता तुझी.
तिचा एक पाय आखूड आहे,
खाली पोस्टाचं जुनं रजिस्टर दिलंय, ते काढू नकोस.
खालच्या मजल्यावर गहाणेंची राइस मिल.
सकाळी सातला पट्टा फिरला की खाट थरथरते.
आधी झोप मोडते.
पुढे पुढे रविवारी मोडते,
काहीच हललं नाही म्हणून.

सुदेश हे नाव वाचून दचकू नकोस, मुलगी आहे ती,
हरयाणाची.
गहाणेबाईपण दचकल्या होत्या,
"सुदेश कोन वो? मानूस नाही ठेवत मी वरतं."
पोस्टात असते. मराठी शिकली पाकिटांवरून.
कुठे निघालीस विचारलं
तर "मुक्काम पोस्ट बाजार" म्हणते,
आणि अजिबात हसत नाही.
माझ्या सुक्या बांगड्यांचा वास आला
की उठून खिडकी उघडते.
दोन वर्षांत एक शब्द बोलली नाही त्यावर,
खिडकी मात्र दर वेळी उघडली.

अलीना मिशनच्या दवाखान्यात नर्स, कोट्टयमकडची.
पहिल्याच आठवडी बाजारात तिनं सांबार मागितला.
बाईनं कोथिंबिरीची जुडी हातात ठेवली.
ती जुडी घेऊन अलीना
सिंदेवाहीच्या भर रस्त्यात रडली.
मी हसले.
मग पुढच्या पालावर टोमॅटो मागितले
तर म्हातारी म्हणाली,
"भेदरं म्हन ना बाई, मराठी येत नाही का तुले?"
मी कुडाळची. मराठीत एम.ए.
पिशवी उघडी धरून उभी राहिले.

जैनी उसेंडी सगळ्यात जवळची,
जिल्हा ओलांडला की तिचं गाव,
असं मी धरून चालले होते.
पावसाळ्यात त्या गावाला दोन बस, एक डोंगा
आणि वर अर्धा दिवस पायी.
तेवढ्या वेळात अलीना तिच्या अंगणात पोचते.
आम्हा तिघींना जो तो विचारी,
गाव कोणतं, खाता काय, भाषा कोणती.
तिला कोणी विचारलं नाही.
मीही नाही, सात महिने.
मग मे महिन्यात एका रात्री लाइट गेली, कुलर थांबला,
आणि अंधारात ती फोनवर आईशी
माडियात बोलता बोलता खदखदून हसली.
मी उठून बसले.
मराठीत ती तोंडावर हात ठेवून हसते.

दिवाळीनंतर मंडईला जा. नाटक रात्रभर चालतं.
आम्ही चौघी एका सोलापुरी चादरीत बसलो होतो.
अलीना पहिल्याच अंकात झोपली,
सुदेश विनोदावर रडली, का ते तिनं सांगितलं नाही.
पहाटे परतताना नाक्यावर वनरक्षकानं अडवलं,
"काल गाय नेली इथून. बोलत बोलत जा, मोठ्यानं."
मग आम्ही बोललो.
अलीना येशूला हाका मारत होती,
सुदेश पिनकोड म्हणत होती, चार चार चार एकच्या पुढचे,
मी मालवणीत वाघाला शिव्या घातल्या,
ज्या मी घरीसुद्धा कधी दिल्या नाहीत.
जैनी गप्प होती, चप्पल हातात घेऊन, सगळ्यांच्या पुढे.
आमच्या एवढ्या गोंगाटातून
तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे,
एकदा तिनं हात वर केला, आम्ही थांबलो.
मग हात खाली घेतला.

गहाणेबाई जिन्यात विचारतील, "जेवली का वो?"
खरं सांग. नाही म्हटलंस तर ताट येतं,
हो म्हटलंस तर काय जेवलीस ते सांगावं लागतं.
कुलरला रात्री दोन बादल्या लागतात,
बोअर साडेनऊला बंद होतो.
जैनीला गाव विचार. पहिल्याच दिवशी.

कुलरसमोरची मधली जागा
आठ दिवस तुला देतील, पाहुणी म्हणून.
नवव्या दिवशी त्यावरून भांडतील.
तेव्हा बॅगेतलं सामान
फळीवर लावायला हरकत नाही.