आडव्या रेघा

चित्र सुधारलं का, असं विचारत असशील
तर हो, सुधारलं.
लुमाण्णाच्या नागेशनं डबा बसवला त्या संध्याकाळी
बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातली कुडी दिसली,
कुडीतले मोती मोजता आले. सात.
त्याआधी तिला कान असावेत असा नुसता अंदाज होता,
आणि तिच्या उजव्या खांद्याला चिकटून
तिचीच एक फिकट जुळी बहीण उभी असायची.
ती गेली.
कुठं गेली रे, म्हटलं.
‘आता नाही यायची ती, काका,’ नागेश वायर गुंडाळत म्हणाला.

टीव्ही जुनाच, एकवीस इंची, पाठीला पोक.
नळी म्हातारी झाली, डबा तरी काय करणार,
हिरवा जरा पिवळाच दिसणार म्हणाला.
माझ्या मोतीबिंदूच्या मानानं बरं आहे की.
कानडी वाहिन्या पॅकातच, मराठी चारांचे वरचे पैसे.
हिनं सुपारीच्या डबीतून काढून दिले,
तोंडानं काही बोलली नाही.

पण त्या रेघांचं सांगायचं राहिलं.
आमच्या वडगावात मागांचा आवाज
हवेसारखा असतो, कुणाचा कुठला
ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही.
रेघा मात्र ईराप्पा ढवळीच्या.
त्याची मोटर आणि आमची वायर एकाच खांबावर.
सकाळी साडेसातला त्यानं खटका दाबला
की आमच्या पडद्यावर सुरू,
खालून वर, खालून वर,
नटीच्या तोंडावर कुणी तरी सूत भरतंय तसं.
एकला थांबल्या म्हणजे तो जेवायला बसला,
मग ही आमचंही ताट घ्यायची.
अमावास्येला सुट्टी, पडदा कोरा.
लेकीच्या लग्नात चार दिवस कोरा.
मध्ये एकदा रेघा बारीक झाल्या तेव्हा ही म्हणाली,
दोनातला एक माग विकला वाटतं त्यानं.
विकलाच होता.

शिव्याही दिल्यात मी.
शेवटची ओव्हर, नऊ धावा, आणि चेंडू रेघांत गडप!
मग मिस कॉल द्यायचा.
सहा चेंडूंपुरता माग थांबायचा,
कोण जिंकलं विचारायचाही नाही तो,
परत सुरू.

डबा आला आणि ईराप्पा पडद्यावरून उतरला.
आमच्या ध्यानातही आलं नाही.
उन्हाळ्यात भाजीच्या गाड्यापाशी भेटला,
मी आपला खुशीत:
आता खुशाल चालव रे माग दिवसरात्र,
आमचं चित्र काही हलत नाही.
तो वांगी निवडत होता.
‘मग्ग निंतैत्री,’ म्हणाला. ‘एरडु तिंगळ आतु.’
दोन महिने.
दोन महिने आम्ही एवढं स्वच्छ बघत होतो.

चहाला ये म्हटलं, आला.
बातम्या लागल्या होत्या, तीच बाई, मोरपंखी साडी.
कप तसाच खाली ठेवून उठला,
पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला.
‘काठ बघा हो काठ. मागनं जोडलाय.
जर कुठली, प्लास्टिक हाय ते. सुरतेचा माल.
दोनशे वीसला देत्यात, आमचं सूतच तेवढ्याचं होतंय.’
पूर्वी एवढं दिसत नव्हतं की, मी म्हणालो.
काही तरी म्हणायचं म्हणून.
‘हौदु,’ म्हणाला. ‘भाळ क्लिअर ऐत्री ईग.’

बाई गेली, जाहिरात आली,
हिनं चहा परत गरम करायला नेला.
तो तिथंच वाकून उभा.
काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती,
तळहाताएवढी.
तेवढ्या जागेत चित्र
आधीसारखं दिसत होतं.