ऑब्लायजिंग

पेन्शनच्या फायलीत एक कार्बन प्रत सापडली,
सन ब्याऐंशीचा गोपनीय अहवाल.
नाव: शालिक उके. पद: शिपाई.
शेरा एकाच शब्दाचा: ऑब्लायजिंग.

"म्हंजे काय वं? चांगलं हाये का वाईट?"

मी बर्डीवर इंग्रजीचा क्लास घेते,
विशेषणं तर डाव्या हाताचा मळ.
"मदतीला तत्पर," म्हटलं,
बाबांनी कागद पुन्हा घडीवर घडी मोडला.

सिव्हिल लाइन्सचं ऑफिस, सत्तेचाळीस डिग्री,
बाबा बादलीनं कूलर भरताहेत.
शालिक, खस बदल.
शालिक, पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून ये,
खामला, पारडी, जरीपटका, जमलंच तर कामठी.
आडवी मान त्यांना येतच नव्हती.

मग भिडस्त म्हणू?
भीड भिकेची बहीण, म्हणायची आई
आणि त्यांच्या सायकलला
कुणाचं तरी दळणाचं पोतं
स्वतःच आवळून द्यायची.

शब्दकोश सांगतो, मूळ अर्थ बांधणे.
कुणी कुणाला, ते सांगत नाही.

परवा फळ्यावर लिहिला हा शब्द.
मागच्या बाकावरून प्रणोती डहाट:
"मॅडम, हा साहेबासाठी वापरतात?"
व्याकरणानं चालतं, मी म्हटलं.
"चालतं नाही, वापरतात का?"
खडू हातातच राहिला.

घरी आले तर बाबा शेजारी,
झाडेकाकूंच्या कूलरमध्ये पाइप धरून,
सत्त्याहत्तरावं वर्ष, कोपरापर्यंत ओले.
"त्यांचा पोरगा आहे ना घरी?"
"हाये ना. झोपला हाये. नळ गेला असता."

रात्री, पंख्याखाली:
"तो शब्द कोन्या साहेबानं लिहिला वं?"
सही वाचली. गोखे.
बाबा बराच वेळ बोलले नाहीत.

"तुह्या मायच्या ऑपरेशनले
यानं सुट्टी देल्ली नाई.
त्या दिवशी त्याच्या कूलरमंदी
म्या पानीच टाकलं नाई."

मग?

"मंग काय. त्याले समजलंच नाई.
पंखा तं फिरतच होता."