कात्री

तिबिलिसीत, शिवणटेबलाच्या पायाशी
वाझाची भूमितीची वही.
कोटिकोन: साठ, तीस. जमलं.
पूरककोन: एकशे दहा, सत्तर. तेही.
विरुद्ध कोनांशी पेन्सिल अडते.

वर त्सिउरी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर कापतेय.
"ही बघ," कात्री खाली धरून म्हणते,
"मुठी फाकतात तेवढीच पाती उघडतात.
एकमेकींकडं तोंड नाही, पण माप एकच."

बाबा बातुमीच्या बंदरात क्रेन चालवतात.
परवा फोनवर त्यांनी पहिलं विचारलं,
टोपी घातलीस का?
आणि आईनंही, नेमकं तेव्हाच, दारातून.

कात्रीच्या स्क्रूवर तेल सुकून काळं झालंय.
वाझा त्यावर बोट ठेवतो.

उत्तर: समान.
कारणाच्या रकान्यात
तो एक बारीक गोल काढतो,
खोडत नाही.