कपाट क्रमांक सात

तालुक्याहून यादी आली, एकेचाळीस नावं,
वर 'तात्काळ', खाली शिक्का,
आणि अनुदानाचा हप्ता अडवलेला.
सुपडूअण्णा दोन दिवस नुसते डिंक ढवळत बसले.
तिसऱ्या दिवशी यादी फळ्यावर टाचली,
'वाचकांनी पाहावे' या मथळ्याखाली.

एरंडोल. एकेकाळी हातानं कागद करणारं गाव.

जीप आली महिन्यानं.
सातव्या कपाटात डांबरगोळ्या, एक पाल.

"पुस्तकं?"
अण्णांनी देवघेवीचं रजिस्टर सरकवलं.
शकूर कागदी, दोन.
अंगणवाडीच्या मंजुळाबाई, चार.
दगा भिल, केळीच्या गाडीवरचा, एक,
मुदत उलटून बारा दिवस.

"परत कधी येणार?"

"काय सांगू साहेब,
लोके वाची ऱ्हायनात.
उशिराचा दंड रोज रुपया.
तोबी भरी ऱ्हायनात."