काच धुतल्याची खूण

शारजात, रोल्याच्या मागल्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान.
व्हिसा, भाडेकरार, जन्माचे दाखले,
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
आणि मधल्या रेघेवर माणूस.
मृत्युपत्रं क्वचित येतात.
ती करायला आलेले आधी दार ओढून घेतात.

हरेश्वर तांडेलांनी दार उघडंच ठेवलं.
ऑगस्टची दुपार, चष्म्यावर दमट हवेची साय,
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात एकावर एक टाचलेले तीन पासपोर्ट
आणि नोकरीचा शेवटचा हिशेब.
माझं मराठी ऐकून बसले. पाणी मागितलं.
प्यायच्या आधी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला.
"सवय," म्हणाले.

एकतीस वर्षं विद्यापीठात,
रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत
त्यांनी काच धुतली.
पोरं रंग बदलवून निघून जायची,
हे रंग काढत बसायचे.

"घरचं कोणी?" मी विचारलं, विचारावंच लागतं.
"पुतण्याला श्रीवर्धनची होडी दिली, इंजिनासकट.
बायकोला जाऊन सहा वर्षं झाली.
हे उरलेलं."
उरलेलं म्हणजे एक लाख बारा हजार दिरहॅम.
मी शून्यं दोनदा मोजली.

"हुशार मुलांसाठी?"
"छे. त्यांना द्यायला रांग असते.
जे नापास होतात त्यांची फी भरा म्हणावं, पुन्हा बसण्याची.
दुसऱ्यांदा बाप पैसे पाठवत नाही."

मग डब्याचं झाकण लावत, काढत, पुन्हा लावत:
"एक मुलगी होती, सुदानची.
निकालाच्या दिवशी माझ्या मोरीपाशी येऊन उभी राहिली.
म्हणाली, अंकल, मलाही धुवायला द्या काहीतरी.
दोघांनी मिळून चाळीस चंचुपात्रं धुतली.
अक्षर बोलली नाही.
सुट्टीनंतर पाहिलं तर तिच्या कपाटाला कुलूप तसंच.
वर्षभर होतं. मग कुणीतरी कापलं.
आत नुसता पांढरा कोट."

मी टाइप करत राहिले. ह्यातलं काहीच टाइप करायचं नव्हतं.

"निधीला नाव काय देऊ? तुमचं? बाईंचं?"
तेव्हा पहिल्यांदा हसले.
"काच स्वच्छ झाली हे कसं ओळखतात, ठाऊक आहे?
पाणी ओतायचं.
सबंध एक पातळ पदर होऊन उतरलं, तर झाली.
थेंब धरला कुठे,
तर समजायचं, कशाचा तरी अंश राहिलाय अजून.
नाव त्यातलंच."

पुढची चौकट: लाभार्थीशी नाते.
पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, इतर.
मी 'इतर' निवडलं. यंत्रानं विचारलं, स्पष्ट करा.
मी लिहिलं, कर्मचारी.
"खोडा ते," म्हणाले.
"कर्मचारी होतो, ते पगारानं फिटलं."
"मग काय लिहू?"

बाहेर असरची बांग झाली. चहाला साय धरली.
तांडेल खिडकीतून पार्किंगकडे पाहत राहिले,
ओहोटीला अडकलेली होडी पाहावी तसे,
घाई न करता.
शेवटी म्हणाले, "मला नाही माहीत, बाई.
रिकामं घेत नाही का ते?"
मी एक टिंब टाकलं.
टिंबावर यंत्र पुढे सरकलं.

साठ दिरहॅम मोजून दिले, पावती मागून घेतली,
घडी घालून डब्यात ठेवली.
जाताना दार मात्र लावून गेले,
एसीची हवा जाते म्हणून.

नंतर मी त्यांचा ग्लास धुतला.
उजेडाकडे धरला.
थेंब होते.
पुन्हा धुतला.